बेडं

बिल्डचं, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधायचं, मशीन बदललं की पहिल्या दिवशी एक ओळ हमखास लाल व्हायची: ‘ई-फेन्स सापडत नाही.’ मग कुणीतरी, बहुतेक वेळा मीच, ती लायब्ररी टाकून द्यायचो. अशी नऊ वर्षं गेली. नव्या माणसासाठी आमच्या विकीवर ज्या पायऱ्या लिहिल्यात, त्यातली चौथी हीच होती: ‘इलेक्ट्रिक फेन्स टाकून घ्या.’ कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. पूजेला बसलेला माणूस तरी सुपारी इथेच का ठेवायची ते कुठे विचारतो? गुरुजी म्हणाले, ठेवली.

इलेक्ट्रिक फेन्स म्हणजे विजेचं कुंपण, मेमरीच्या चुका पकडणारी तयार कोडची लायब्ररी. ब्रूस पेरेन्सने १९८७ मध्ये लिहिलेलं. हाच माणूस बरीच वर्षं पिक्सारमध्ये होता, आणि पुढे डेबियन या लिनक्स प्रकल्पाचा प्रमुखही झाला. सी भाषेत १० बाइट मागून घ्यायचे आणि अकराव्यावर लिहायचं, ही चूक सगळ्यांकडून होते. तिचा खरा छळ असा की प्रोग्राम तिथल्या तिथे पडत नाही. शेजारच्याच्या मेमरीत घाण करून येतो आणि तासाभराने भलत्याच फंक्शनमध्ये मरतो. मग आपण रात्रभर त्या बिचाऱ्या फंक्शनची झडती घेत बसायचं. मेमरी ठरावीक आकाराच्या पानांत वाटलेली असते. पेरेन्सने मागितलेला तुकडा अशा पानाच्या अगदी कडेला टेकवला आणि त्याला लागून असलेलं पुढचं अख्खं पान बंद करून टाकलं. हद्द ओलांडली की जागच्या जागी झटका. चुका शोधायचा डीबगर उघडावा तर चूक करणारी ओळच समोर.

यात पान साधारण ४०९६ बाइटांचं. म्हणजे १० बाइटांच्या राखणीला दोन पानं, ८१९२ बाइट. कुंपणाने शेत खाल्लं असं आपण नुसतं म्हणतो, इथे त्याचा हिशेब मांडता येतो.

आजोळी कोकणात मामाच्या परड्याला काटेरी वई, म्हणजे कुंपण होतं, आणि आत जायला बेडं. दोन खांबांत आडव्या सरकवलेल्या चार काठ्या. मधली एक बाजूला करायची, वाकून आत शिरायचं, काठी परत लावायची. पुढे रानडुकरांचा उपद्रव वाढला तशी मामाने बॅटरीवरची झटका मशीन बसवली, तारा ओढल्या, आणि वई हळूहळू मोडत गेली. बेडं मात्र उभं. दोन्ही बाजूंना हात हात मोकळी जागा, तरी मामी डोक्यावर पाटी घेऊन त्या काठीखालून वाकून जायची. मीही जायचो. बाजूने जाणं बरं दिसत नव्हतं म्हणा हवं तर.

आमचंही तेच झालं होतं. मेमरीच्या चुका पकडायचं काम ॲड्रेस सॅनिटायझर नावाचं नवं हत्यार करत होतं. तो जीसीसी या कंपाइलरमध्ये ४.८ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे, कंपाइल करताना एक पर्याय दिला की झालं. ई-फेन्स जोडून घेणारं, चुका शोधायचं डीबग बिल्ड कुणी शेवटचं कधी चालवलं ते कुणालाच आठवेना. पण ‘ही लायब्ररी आहे का’ असं विचारणारी कॉन्फिगरमधली, म्हणजे बिल्डआधी चालणाऱ्या स्क्रिप्टमधली, तपासणी तशीच होती, आणि नाही म्हटलं की ती पुढे जाऊ द्यायची नाही. काढू का, असं चार जणांना विचारलं. चौघांचं उत्तर एकच: “असू दे ना, तुझं काय खातंय?”

काढायच्या आधी मी एक दुपार घालवली. गरज नव्हती, पण नऊ वर्षांची ओळख. जुनं डीबग बिल्ड करून चालवलं. पडद्यावर पेरेन्सचं नाव आणि कॉपीराइटची ओळ आली, सगळं सुरळीत चाललं, कुठे झटका नाही. तोच कोड सॅनिटायझरने बांधला, तर तो दुसऱ्याच मिनिटाला ओरडला. एका नावासाठी अक्षरांइतकेच ७ बाइट मागितले होते आणि नाव संपल्याची खूण म्हणून सीत लागणारं शेवटचं शून्य आठव्यावर लिहिलं होतं. ई-फेन्सला हे दिसणं शक्यच नव्हतं. मूळ सेटिंग बदललं नाही तर तो सातचे आठ करतो, कारण तुकड्याचा मेमरीतला पत्ता ठरावीक पटीत यावा लागतो. त्यामुळे कुंपण आठव्या बाइटाच्या पलीकडे पडतं. सॅनिटायझर दर आठ बाइटांमागे एक बाइट टिपणाला ठेवतो आणि आठांतले पहिले किती आपले, तेही त्यात मांडतो. म्हणून चूक सापडली. कुंपण जागेवर होतं, डुक्कर आतल्या अंगाला होतं.

कॉन्फिगरमधल्या सहा ओळी, बिल्डची कृती सांगणाऱ्या मेकफाइलमधली एक, विकीवरची एक पायरी. सगळं काढलं, बिल्ड हिरवं झालं, कुणी काही बोललं नाही.

विकीवरचे आकडे तेवढे हाताने घातलेले होते, ते बदलायचे राहिले. तिसरीनंतर एकदम पाचवी. सोमवारी रुजू झालेली मुलगी परवा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. “सर, सगळं चालतंय, पण चौथी पायरी मला सापडत नाहीये. ती कुणाकडून करून घ्यायची?”