दबलेली नस आणि एका ओळीचा रिपोर्ट

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि करंगळी ठणठणीत. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. एवढं सांगितलं की मनगटात नस दबली आहे हे डॉक्टरांना बहुधा लगेच कळतं. ऑपरेशनचा निर्णय मात्र एनसीव्ही तपासणीपाशी (नसेतून विजेची लहर किती वेगानं जाते ते मोजणारी) येऊन थांबतो, आणि माझा संताप तिथलाच आहे.

इंदुरात गीताभवनच्या आसपास लॅबना तोटा नाही. मला मिळालेला रिपोर्ट एका ओळीचा: उजव्या मनगटात मिडियन नर्व्ह (अंगठ्याकडच्या बोटांची नस) दबलेली. आकडे नाहीत, आलेख नाहीत, डावा हात तपासलेलाच नाही. विचारलं तर काउंटरवरून उत्तर, "रिपोर्ट तो ऐसी ही आती है, भिया." सर्जन मॅडमनी तो कागद परत केला, आणि योग्यच केलं.

कारण 'दबलेली' एवढ्यानं काही ठरत नाही, किती दबली ते हवं. फक्त संवेदनेची लहर मंदावली असेल तर सुरुवात. अंगठ्याच्या स्नायूपर्यंत लहर पोचायला 4.2 ते 4.5 मिलिसेकंदांहून जास्त लागत असतील (मर्यादा लॅबगणिक थोडी बदलते) तर प्रकरण पुढे गेलंय. लहर उमटतच नसेल तर गंभीर. त्याच हाताची करंगळीकडची अल्नर नर्व्हही तपासायला लावा. तीही मंद असेल तर मधुमेहाचा संशय घ्यावा लागतो. शिवाय हात गार असला की निरोगी नसही मंद दिसते, दर अंशाला साधारण 0.2 मिलिसेकंदांचा फरक. डिसेंबरात स्कूटरवरून येऊन थेट एसीच्या खोलीत बसाल तर रिपोर्ट बिघडलाच म्हणून समजा. कोमट पाण्यात हात धरून, पुसून मगच तपासणी. त्वचा किमान 32 अंश हवी. पैसे देण्यापूर्वीच विचारा: दोन्ही हात, आकडे, आलेख मिळणार का?

सौम्य असेल तर रात्री मनगटाचा पट्टा, सहाएक आठवडे. दुकानातल्या पट्ट्यातली धातूची पट्टी बरेचदा मागे वाकलेली असते; ती काढून सरळ करा, मनगट सरळच राहायला हवं. थायरॉइड आणि साखरही तपासून घ्या. स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो, पण त्रास पुष्कळदा परततो आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते.

बधिरपणा दिवसभर राहतो, शर्टाची बटणं लागत नाहीत, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा बसलाय, असं असेल तर रेंगाळू नका. ऑपरेशन छोटं: तेवढाच भाग बधिर करून मनगटातला नसेवरचा आडवा पट्टा (लिगामेंट) कापतात, त्याच दिवशी घरी. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात. तळहाताच्या बुडाचं दुखणं मात्र दोन-तीन महिने पुरतं, हे कुणी आधी सांगत नाही. रात्रीच्या मुंग्या लवकर जातात. झिजलेला स्नायू पुन्हा भरेलच असं नाही.

तो तपासायला लॅबही लागत नाही. तळहात वर करून अंगठा छताकडे उभा करा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं खाली दाबा. दोन्ही अंगठ्यांत जोराचा फरक जाणवला तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी तेच सांगा.