‘नाइट वॉच’ घरबसल्या: एका चित्राची दीड तासाची फेरी

ऑनलाइन म्युझियममध्ये शिरलं की दालनामागून दालन धावत सुटायचा मोह होतो आणि शेवटी लक्षात काहीच राहत नाही. म्हणून ही अख्खी फेरी एकाच चित्रासाठी ठेवली आहे: अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’. शहराच्या नागरी रक्षकांचं एक पथक कॅप्टनच्या मागे निघालंय, असं हे चित्र.

तीनशेसाठ अंशांत फिरता येणारी दालनं पाच मिनिटांत उरका. चित्र कुठे टांगलंय, माणसाच्या मानाने केवढं आहे, एवढं कळलं की पुरे. रंग आणि बारकावे तिथे दिसत नाहीत. त्यासाठी म्युझियमच्या साइटवर जानेवारी २०२२ मध्ये आलेली ७१७ गिगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा उघडायची. ८,४३९ फोटो जोडून ती तयार झाली आहे.

आधी आकार मनात पक्का करा: ३७९.५ बाय ४५३.५ सेंटिमीटर. हे आधीच का, तर पूर्ण झूम केल्यावर दोन पिक्सेलमधलं अंतर असतं फक्त ०.००५ मिलिमीटर. म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मूळ कॅनव्हासचा जेमतेम एक सेंटिमीटर मावतो. तिथे केसाएवढी भेग दरीसारखी भासते आणि चित्र पार खराब झालंय असा गैरसमज होतो. दर दोन-तीन मिनिटांनी झूम कमी करून पूर्ण चित्रावर या.

प्रतिमा छोट्या चौकोनी तुकड्यांनी भरत जाते. आधी धूसर, मग स्पष्ट. भराभर माउसचं चाक फिरवलं की तुकडे यायचे राहतात आणि धूसर दिसतंय म्हणून लोक कंटाळून बंद करतात. प्रत्येक टप्प्यावर थोडं थांबा. कंट्रोल दाबून चाक फिरवू नका, त्याने नुसतं पान मोठं होतं. पडद्याचा नाइट मोड बंद हवा, नाहीतर सगळे पिवळे रंग फसवतात. खोलीतला दिवाही पडद्यावर चमकू देऊ नका. या चित्राचा अर्धा जीव काळपट भागांतच आहे.

सुरुवात मधोमध करा. काळ्या पोशाखातल्या कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या अंगरख्यावर पडली आहे. उजेड वरून डावीकडून येतोय हे त्या एका सावलीतून कळतं. प्रसंग दिवसाचाच आहे. काळवंडलेल्या व्हार्निशमुळे ‘नाइट’ हे नाव पडलं. त्याच अंगरख्याच्या भरतकामावर झूम करा: रंगाचे थर इतके जाड की टाके उठून आल्यासारखे वाटतात. हा भाग कितीही वेळ बघावा. मग डावीकडच्या उजळ मुलीकडे वळा. तिच्या कमरेला लटकलेल्या कोंबडीचे पंजे हे या पथकाचं चिन्ह.

शेवटची वीस मिनिटं मात्र दुसऱ्या खिडकीसाठी राखून ठेवा. १७१५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या टाउन हॉलच्या भिंतीवर बसवण्यासाठी हे चित्र चारही बाजूंनी कापलं गेलं, सर्वात जास्त डावीकडून. गेरिट लुंडेन्स या चित्रकाराने त्याआधी केलेली छोटी नक्कल लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संग्रहात आहे. ती शेजारी उघडून ठेवा. कापण्याआधी कॅप्टन आणि लेफ्टनंट मध्यापासून उजवीकडे होते, आणि सगळं पथक डावीकडच्या मोकळ्या जागेकडे निघालेलं दिसतं.