रंगावरची सुरकुती

पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळजवळच्या वळणावर खडीवरून पुढचे चाक घसरले आणि मी सायकलीसह कठड्यावर आदळलो. खरचटलेला हात आठवड्यात बरा झाला. सायकल मात्र जिन्याखाली पडून राहिली, कारण ती दुरुस्त करावी की नवी घ्यावी हे ठरेना.

रिम वेडीवाकडी झाली होती, चार आरे तुटले होते आणि पुढचे चाक धरणारा चिमटा मागे दबल्यामुळे टायर फ्रेमच्या खालच्या नळीला टेकत होता. मजुरी धरून मी ४,५०० रुपयांचा हिशोब मांडला; १७,००० रुपयांच्या सायकलीला तो जड नव्हता.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या मिस्त्रींनी चाकाकडे पाहिलेही नाही. हँडलच्या नळीमागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट लावून ते म्हणाले, ‘‘साहेब, इथं बघा.’’ रंगाला बारीक सुरकुती पडली होती. मग त्यांनी मागचे चाक बसते त्या एका खाचेपासून दोरा ताणून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधला आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले, तेव्हा सहा मिलिमीटरांचा फरक निघाला, म्हणजे फ्रेमच वाकली होती.

पोलादी फ्रेम बऱ्याच अंशी थंड असतानाच ओढून सरळ करता येते. माझ्या फ्रेमसारखी ॲल्युमिनियमची नळी चुरगळली की सरळ करताना तिथेच चीर पडण्याचा धोका असतो. वेल्डिंग करावे, तर कारखान्यात उष्णताप्रक्रियेने आलेले बळ सांध्याजवळ उतरते आणि ते परत मिळवायला अख्खी फ्रेम पुन्हा भट्टीत घालावी लागते. फौंड्र्यांच्या या गावात भट्ट्यांना तोटा नाही, पण एका फ्रेमसाठी ती कोण पेटवणार!

फ्रेम गेली म्हणजे सायकल गेली, असे मात्र नव्हते. मागचे चाक, गेअर आणि ब्रेक शाबूत होते. मिस्त्रींकडची एक जुनी पोलादी फ्रेम मी चिमट्यासह २,२०० रुपयांना घेतली. तिच्या मागच्या दोन टोकांमधले अंतर १३० मिलिमीटर होते आणि माझ्या चाकाला १३५ लागत होते, पण पोलाद असल्याने ती तेवढी पसरवता आली. रिम व आरे नवे घातले. हँडल वरून सरळ दिसत असूनही तेही बदलले, कारण दणका त्यानेही खाल्ला होता.

जुनी फ्रेम भंगारात देण्यापूर्वी मी ती करवतीने कापून घेतली, नाहीतर वर रंग मारून ती एखाद्या पोराच्या गळ्यात पडली असती.