टॅक्स क्लास पाच आणि किटातल्या बाई

जर्मनीत स्त्री-पुरुष समानता केव्हाच प्रस्थापित झाली असणार, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि अँगेला मेर्केल २००५ पासून २०२१ पर्यंत चॅन्सेलर होत्या, हा त्याचा हमखास दिला जाणारा दाखला. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांच्या गावात, म्हणजे स्टुटगार्टमध्ये, अभियंता म्हणून नोकरी करताना चित्र वेगळे दिसते. तांत्रिक बैठकीत मी बहुधा एकटीच बाई असते. पुण्यात आमच्या संगणक शाखेच्या वर्गात मुलींची संख्या भरपूर होती आणि त्याचे कुणाला अप्रूपही नव्हते. इथल्या विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकणाऱ्यांत मुली जेमतेम एक पंचमांश भरतात. (पुण्यातही मेकॅनिकलच्या वर्गाची गोष्ट निराळी होती, हे मान्य.) कोणते काम बाईचे आणि कोणते पुरुषाचे, याचे उत्तर गाव बदलले की बदलत असेल, तर ते उत्तर एका पिढीकडून दुसरीकडे जाते कसे, हा प्रश्न उरतो. इथे मुलींना कुणी तोंडाने ‘हे तुझे काम नाही’ असे सांगत नाही. ते सांगण्याचे काम अर्ज, वेळापत्रके आणि पगारपत्रके परस्पर करून टाकतात.

टॅक्स क्लासचेच, म्हणजे पगारातून दरमहा किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या गटाचेच, उदाहरण घ्या. १९५८ पासून इथे पती-पत्नीच्या उत्पन्नाची बेरीज करून, ती निम्मी-निम्मी वाटून कर आकारला जातो. दोघांच्या कमाईत जितकी तफावत, तितका फायदा जास्त. दर महिन्याच्या कपातीसाठी जोडप्याला क्लास निवडता येतो: दोघांनाही चार, किंवा जास्त कमावणाऱ्याला तीन आणि दुसऱ्याला पाच. पाचमध्ये करमुक्त उत्पन्नाची मूळ सवलत मिळतच नाही, कारण ती जोडीदाराच्या खात्यात गेलेली असते. वर्षाअखेरीस विवरणपत्र भरल्यावर हिशेब सारखा होतो, हे खरे. पण महिन्याच्या पगारपत्रकावर दिसतो तो आकडा पाच क्लासवाल्याचा पगार कवडीमोल ठरवणारा असतो. शिवाय बाळंतपणानंतरचा पालक-भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो, म्हणजे तिथेही पुन्हा तोटाच.

आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याला मित्रांनी आल्या आल्या सल्ला दिला, “वहिनींचा क्लास पाच करून टाक, घरात पैसे जास्त येतील.” वहिनींना तेव्हा नोकरी नव्हती, त्यामुळे सल्ला चुकीचाही नव्हता. पुढे त्यांना अर्धवेळ नोकरी लागली, पहिले पगारपत्रक आले आणि त्यांच्या आईने फोनवर विचारले, “एवढ्याशासाठी पोराला दिवसभर परक्यांकडे कशाला ठेवायचं?” क्लास बदलता येतो, हे त्यांना ठाऊक होते, तरी पगारपत्रकावरच्या आकड्याने घरातला वाद निकालात काढलाच. मुलाला मात्र एवढेच कळले असणार की बाबा ‘कामाला’ जातात आणि आई ‘थोडा वेळ’ जाते.

या सगळ्याच्या मुळाशी जुना कायदा आहे. पश्चिम जर्मनीच्या नागरी संहितेत १९७७ पर्यंत अशी तरतूद होती की विवाहित स्त्रीने नोकरी करावी, पण संसाराची कर्तव्ये सांभाळून जमेल तेवढीच. तरतूद गेली, तरी आई घरी आहे असे धरून चालणारी शाळा मुलांना दुपारीच घरी सोडत राहिली. पूर्व जर्मनीत याच्या उलट होते: राज्याला कामगार हवे होते, म्हणून दिवसभराची पाळणाघरे होती आणि बायका कारखान्यांत होत्या. लाइपझिगहून आलेल्या माझ्या एका सहकारी बाईंच्या आई क्रेन चालवत असत. मूल वर्षाचे झाल्यावर या बाई पूर्णवेळ कामावर परतल्या, तेव्हा स्टुटगार्टमधल्या शेजारणींनी त्यांना जी सहानुभूती दाखवली, ती त्यांना अजून विसरता आलेली नाही. पण पूर्वेतही त्या पाळणाघरांत मुले सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता पगाराविषयी. इथे दहावीनंतर मोटार मेकॅनिक व्हायला निघालेला मुलगा कंपनीत शिकाऊ म्हणून लागतो आणि पहिल्या महिन्यापासून त्याला विद्यावेतन मिळते. किटात, म्हणजे बालवाडीत, शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी मात्र परंपरेने शाळेत बसून शिकते आणि त्या काळात तिला काहीच मिळत नाही. काही अभ्यासक्रमांना तर वर्षानुवर्षे उलट फी भरावी लागे. मुलांची काळजी घेणे ही स्वभावाची गोष्ट, कसबाची नव्हे, आणि लग्न होईपर्यंत मुलीला एक उद्योग, असे गृहीत धरूनच ही व्यवस्था रचली गेली. आपल्या अंगणवाडी सेविकांना वेतन नव्हे तर मानधन दिले जाते, त्यामागचा विचार याहून फारसा वेगळा नसावा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१२ मध्ये पगारासहित प्रशिक्षणाची पद्धत सुरू केली आणि त्या वर्गांत पुरुष तुलनेने अधिक येऊ लागले. एरवी जर्मनीभर किटांत दहा कर्मचाऱ्यांमागे एकही पुरुष भरत नाही. पुरुषांच्या स्वभावाविषयी जे तर्क लढवले जातात, त्यापेक्षा मला पगाराची ही एक गोष्ट अधिक बोलकी वाटते.

सरकारी उपक्रमही आहेत. २००१ पासून एप्रिलच्या आसपास ‘गर्ल्स डे’ असतो: पाचवीपासून पुढच्या मुली एक दिवस कार्यशाळेत, प्रयोगशाळेत जातात. २०११ पासून मुलांसाठी ‘बॉइज डे’ही आहे, ते वृद्धाश्रमात किंवा किटात जातात. आमच्या मुलीने त्या दिवशी सोल्डरिंग करून लुकलुकणारे एलईडीचे हृदय आणले. (हृदयच का, हे मी विचारले नाही.) तिला शिकवणारा शिकाऊ मुलगा होता, त्याला शिकवणारा पुरुष होता आणि मुलींना सँडविच वाटणाऱ्या बाई कार्यालयातल्या होत्या, हेही तिने न विचारता सांगितले. उपक्रमाला मी नावे ठेवत नाही, पण मुले काय टिपतात ते आयोजकांनी ऐकायला हवे.

ऑगस्ट २०२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने मुलांना दिवसभराच्या शाळेचा किंवा देखरेखीचा हक्क कायद्याने दिला आहे. त्यासाठी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न आहे, कारण ज्या कामाला शिकताना पैसे दिले नाहीत त्या कामाला आता माणूस मिळत नाही. धाकट्याच्या किटात हे आताच सुरू आहे. सकाळी सात वाजता निरोप येतो की दोन बाई आजारी आहेत, आज किटा दुपारी एकला बंद. पालकांच्या गटावर ‘मी लवकर निघते’ असे लिहिणाऱ्या सगळ्या आयाच असतात, आणि पुढच्या वर्षी त्यातल्या कोणीतरी कामाचे तास कमी करून घेते.