ती घडी नव्हती, सांधा होता

लंडनमध्ये जुने कागद दुरुस्त करायचं काम करते मी, नकाशे, पत्रं, छापील चित्रं असलं सगळं. गेल्या महिन्यात एक आजी 1860 च्या दशकातल्या सचित्र पंचांगाचं जानेवारीचं पान घेऊन आल्या, वर बर्फातलं खेडं आणि खाली तारखा. त्यांच्या आईने ते फ्रेम करून जिन्यात लावलेलं, आपल्याकडे वर्ष संपलं की कॅलेंडरवरचा देव फ्रेममध्ये जातो ना, अगदी तसंच. आकाशातून वरपासून खालपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती. आमच्या सीनियरने कागद नीट न बघताच फॉर्मवर लिहिलं, 'घडी, रंगाने बुजवणे'. फॉर्म भरायची घाई हा आमच्या स्टुडिओचा रोगच आहे.

कागद धुऊन, वाळवून मी बुजवायला बसले. कागदावर आधी मेथिल सेल्युलोज या पाण्यात विरघळणाऱ्या खळीचा पातळ थर द्यायचा आणि मग त्यावर जलरंग, म्हणजे उद्या कोणाला काढायचा झाला तर ओल्या बोळ्याने निघतो. इंचभर झालं असेल, तेवढ्यात दिवा बाजूने लावला तर घडी दिसेचना. घडी असती तर उंचवटा दिसला असता, तंतू तुटलेले दिसले असते, इथे कागद एकदम सपाट आणि अखंड! भिंग लावलं आणि हात थांबला.

ही चित्रं बॉक्सवुडच्या खोडाच्या आडव्या कापावर कोरायचे. लाकूड इतकं घट्ट की केसासारखी रेघ टिकते, पण झुडूपच ते, खोड जाडीला पाच-सहा इंचाच्या वर क्वचित जातं. म्हणून मोठ्या चित्राला लहान ठोकळे मागून बोल्टने जोडायचे. चित्रकाराने वर आरशातल्यासारखं उलटं चित्र काढलं की बोल्ट सोडायचे आणि एकेक तुकडा एकेकाला द्यायचा, म्हणजे सचित्र साप्ताहिकाच्या अंकाचं काम रातोरात उरकायचं. सांध्यावरून जाणाऱ्या रेघा जुळवायचं काम मुख्य कारागिराचं. ठोकळ्याची उंची छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांएवढीच, त्यामुळे चित्र आणि तारखा एकाच दाबात छापून निघायच्या. छापताना सांधा जरा जरी उघडला तरी तिथे शाई लागत नाही, तीच ही पांढरी रेघ.

आणि दोन बाजूंना दोन वेगळे हात होते हो! डावीकडच्या आकाशातल्या रेघा टोकाला निमुळत्या होत गेलेल्या, मध्येच जाड, जणू श्वास घेतायत. उजवीकडच्या सरळ, एका अंतरावर, फूटपट्टी लावल्यासारख्या. उजवीकडचा कदाचित शिकाऊ असेल, कदाचित दमलेला असेल, नाव कुठेच नाही कारण अशा कामावर सही असलीच तर बहुतेकदा कारखान्याची असते.

मी भरलेला इंचभर रंग काढला आणि आजींना बोलावून भिंगातून सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "छान आहे गं, पण मला जिन्यात ती रेघ नकोय." सीनियर म्हणाला चित्र त्यांचं आहे, रंग निघतो, कर. तसं नियमात बसतं. पण घडी बुजवणं म्हणजे झालेली इजा झाकणं, आणि इथे इजा नव्हतीच, दोन माणसांचं काम जिथे भेटलं ती जागा होती, ती झाकायचा हक्क मालकाला असतो का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नाही म्हटलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं आणि त्याने थर न देता रंग थेट कागदावर लावला असता, हे मी पाहिलंय. म्हणून मीच केलं. अहवालात सांध्याचा भिंगातून काढलेला फोटो लावला, एक प्रत फ्रेमच्या मागे पाकिटात ठेवली. आणि वरच्या बाजूला माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकला जाणारा अर्धा सेंटीमीटर सांधा तसाच उघडा ठेवलाय, तेही अहवालात लिहिलंय.