आकृतीसकट बोर्ड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर सगळ्यांसारखं मलाही गॅदरिंग आणि मधल्या सुट्टीतले चिंचा-आवळे आठवले, पण ते बाकीचे लिहितीलच, मी विज्ञान प्रदर्शनाबद्दल लिहिणारे, कारण आज नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मी जे करते, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सची आवड असणाऱ्यांसाठी छोटे मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) बोर्ड बनवणं आणि त्यांचं अख्खं डिझाइन वाटून टाकणं, ते तिथूनच आलंय.

आठवीत आम्ही 'जोड्या लावा'चा बोर्ड केला होता, एका बाजूला देश, एका बाजूला राजधान्या, बरोबर जोडीवर दोन वायरी टेकवल्या की बल्ब पेटायचा. मागे वायरींचं जाळं होतं, त्यावर पुठ्ठा चिकटवायला निघालो तर विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "मागची बाजू उघडीच ठेवा, दुसऱ्या शाळेच्या मुलांना बघून करता आलं पाहिजे." आणि खरंच, पोरं पुढून कमी आणि मागूनच जास्त बघत होती, एकानं तर सगळी जोडणी वहीत काढून नेली. बाई किती खूश झाल्या होत्या!

पुढं पुण्यात इंजिनिअरिंगला असताना बुधवार पेठेत तपकीर गल्लीत पार्ट घ्यायला जायचो, तेव्हा आर्डुइनो नावाचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड हातात आला आणि त्याची गोष्ट वाचून मला बाईच आठवल्या. इटलीतल्या इव्हरेया गावात डिझाइन शिकवणारी एक संस्था होती, तिथं २००५ मध्ये मासिमो बांझी आणि सोबत्यांनी तो विद्यार्थ्यांसाठी बनवला. त्याआधी तिथंच एर्नांदो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्यानं प्रबंधासाठी 'वायरिंग' नावाची सिस्टीम केली होती, आर्डुइनो तिच्यावरच उभा आहे, आणि बारागानचं नाव फार कमी घेतलं जातं हे मला अजिबात पटत नाही. संस्था बंद होणार हे दिसत होतं, काम तिच्याबरोबर बुडू नये म्हणूनही त्यांनी डिझाइन खुलं केलं. आर्डुइनो हे नाव तेवढं त्यांचं, सर्किट कुणीही बनवावं, बदलावं, फक्त मूळ कुणाचं ते सांगावं आणि आपला बदलही तसाच खुला ठेवावा.

माझ्या बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप आहे, प्रोग्रॅम साठवायला ३२ केबी फ्लॅश, तो चालताना लागणारी २ केबी रॅम. लोक विचारतात की २०२१ मध्ये आलेल्या चार डॉलरच्या रास्पबेरी पाय पिको या बोर्डात २६४ केबी रॅम मिळते, मग ही जुनी चिप कशाला? कारण ती २८ पायांच्या मोठ्या पॅकेजमध्ये येते, सॉकेटात बसते, सॉकेट आठवीतलं पोरगं हातानं सोल्डर करू शकतं, म्हणजे धातू वितळवून जोडू शकतं, आणि चिप जळलीच तर तेवढी उपसून दुसरी लावायची, बोर्ड तसाच. शिकणाऱ्याला रॅमपेक्षा हे जास्त लागतं असं माझं ठाम मत आहे.

अजून एक. आर्डुइनोच्या ऊनो या बोर्डावर ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर इतरांसारखं २.५४ मिलिमीटरच्या पटीत नाही, त्यामुळे तो साध्या भोकाच्या पट्टीवर नीट बसत नाही, आणि आधीचे शील्ड, म्हणजे त्याच्यावर बसवायचे जोडबोर्ड, चालावेत म्हणून ते अंतर तसंच ठेवावं लागलंय. मी सगळ्या पिना २.५४ वर घेतल्या, बोर्ड सरळ ब्रेडबोर्डात, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीत, जातो. वीज स्थिर राहावी म्हणून चिपच्या पॉवरच्या पायांना अगदी चिकटून १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर, आणि बोर्डाच्या पाठीवर छापलंय की एका पिनेतून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त घेऊ नका, मोटर लावायची तर मध्ये ट्रान्झिस्टर लावा, कारण नवीन पोरगं सगळ्यात आधी मोटरच जोडतं.

पण वाटणं म्हणजे नुसती पीडीएफ देणं नाही हो! पीडीएफ बघता येते, बदलता येत नाही. मी कायकॅडच्या मूळ फाइल्स देते, कायकॅड हे सर्किट आणि बोर्ड काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत पार्टची यादी, आणि कुठला पार्ट का घेतला हे मराठीत लिहून. बाजारात आकृतीच नसलेले बोर्ड मिळतात, ते बिघडले की पोरं नुसती बघत बसतात. आमच्या फाइल्स घेऊन एका खेड्यातल्या सरांनी जमिनीच्या ओलाव्याच्या सेन्सरसाठी स्क्रू टर्मिनल टाकले आणि फाइल मला परत पाठवली, आता माझ्याही बोर्डावर तेच टर्मिनल आहेत आणि ते त्यांचे म्हणून लिहिलेत. एवढा आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता.

यंदा शाळेच्या लॅबसाठी सुट्या पार्टचे किट पाठवतेय, फाइल्सचा पेनड्राइव्ह आणि भिंतीवर लावायला मोठी छापलेली आकृती त्यातच आहे. सोल्डरिंग करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा. आणि कुणी बोर्डात काही बदललं तर त्याचं किंवा तिचं नाव बोर्डावर छापायचं, वरच्या डाव्या कोपऱ्यात जागा मोकळी सोडलीय.