तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या आकाशगंगेत युद्ध का नाही?

मी विज्ञानकथा लिहिते आणि गेली काही वर्षं माझ्या सगळ्या गोष्टी एकाच जगात घडतायत, म्हणजे आपलीच आकाशगंगा, पण आजपासून काही लाख वर्षांनंतरची, तिच्यात पन्नासेक बुद्धिमान जाती आणि त्यातली एक माणसापासून निघालेली. वाचणारं कोणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "एवढ्या जाती आहेत म्हणता, मग मारामारी कशी नाही होत?" कोणी जरा खोचकपणे विचारतं, की सगळे एकदम संतमहात्मे झाले का? नाही हो, कोणीही संत झालेलं नाही, सगळे आपल्याइतकेच कद्रू आणि भांडकुदळ आहेत. कारण वेगळंच आहे आणि ते मलाही लिहिता लिहिताच कळलं.

सुरुवातीला मी पण तेच केलं होतं जे सगळे करतात. एक मोठ्ठं गोल सभागृह, प्रत्येक जातीचा एकेक प्रतिनिधी आपापल्या आसनावर, आणि जोरदार खडाजंगी चाललीय. ते पान मी रसायनशास्त्रातल्या एका मैत्रिणीला दाखवलं. तिनं अर्धं वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे सगळे दार उघडल्या उघडल्याच मेले की!" कारण त्यातली एक जात मी शनीच्या टायटन नावाच्या चंद्रासारख्या जगातली दाखवली होती. टायटनवर उणे १७९ अंश तापमान असतं, मिथेनची तळी असतात. म्हणजे आपल्याला सोसेल अशा खोलीत तो बिचारा उकळून वाफ होणार, त्या वाफेतला मिथेन आपल्या ऑक्सिजनमध्ये मिसळणार, आणि मग कुठेतरी एक ठिणगी. संपली सभा. बरं, ऑक्सिजन आपल्याला प्राणवायू वाटतो, पण साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी तो पृथ्वीच्या हवेत साठायला लागला तेव्हा इथल्याच कित्येक जिवांना तो विष होता, बाहेरच्यांचं काय घेऊन बसलात.

मग मी सभागृह पाडलं (कागदावर) आणि त्या थंड जातीसाठी वेगळा प्रसंग लिहिला. एवढ्या थंडीत रासायनिक क्रिया फारच हळू चालतात, म्हणून तिचं बोलणंही मी हळू केलं, नुसतं "या, बसा" म्हणायला अकरा दिवस. एक तरुण दुभाषी जाड काचेपलीकडे वही घेऊन बसलाय, चार दिवस त्याला वाटतंय की समोरचा झोपलाय, पाचव्या दिवशी लक्षात येतं की तळ्याच्या कडेची ती सुरकुती कालच्यापेक्षा बोटभर सरकलीय, म्हणजे शब्द सुरू झालाय, आणि तो गडबडीनं मागची पानं उलटायला लागतो. हा प्रसंग लिहिताना मला जाणवलं की या दोघांना भांडायचं म्हटलं तरी विषय काय काढणार?

बघा ना, भांडायला काहीतरी दोघांना हवं असलेलं लागतं. पाणी म्हणाल तर विश्वात हायड्रोजन सगळ्यात जास्त आणि ऑक्सिजन तिसऱ्या नंबरवर, त्यामुळे बर्फ जाल तिथे पडलेलाय. जमीन म्हणाल तर त्याच्या जमिनीवर आपण श्वास घेऊ शकत नाही, आणि आपल्या जमिनीवर त्याची वाफ होते. खाणं? आपली प्रथिनं ज्या रेणूंची बनतात ती अमिनो आम्लं डावखुरी असतात (डावी आणि उजवी म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं, आपल्या दोन हातांसारखी), समोरच्याची उजवी निघाली तर त्याचं अख्खं कोठार लुटून आणलं तरी आपण उपाशीच. आणि लुटायला जाणार कसं? व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं, आता सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास स्पीड आहे, आणि या वेगानं सगळ्यात जवळच्या ताऱ्याइतकं, म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतील. वेग वाढवा म्हणाल तर एक किलो वजन प्रकाशाच्या एक दशांश वेगापर्यंत न्यायला साधारण साडेबारा कोटी युनिट वीज लागते, तीही काही वाया गेलं नाही असं धरून, आणि पोचल्यावर थांबायचा खर्च वेगळा. किलोला हा भाव असेल तर सैन्य कोण पाठवेल!

इथे एक हुशार वाचक हमखास हात वर करतो. लुटायला नको, नुसत्या भीतीपोटी कोणी दुसऱ्याला संपवलं तर? एक मोठा दगड जोरात फेकला की काम झालं. हा मुद्दा खरा आहे आणि माझ्या जगातली ती सगळ्यात कच्ची भिंत आहे, मान्य करते. माझं उत्तर एवढंच, की तीन हजार प्रकाशवर्षांवरची वस्ती तुम्हाला दिसते ती तीन हजार वर्षांपूर्वीची, दगड पोचेपर्यंत आणखी काही हजार वर्षं, तोवर ते लोक आणखी चार ताऱ्यांवर पसरलेले असणार आणि दगड कुठून आला हे त्यांना चांगलं कळणार. त्यामुळे लांबच्याच्या वाटेला कोणी जात नाही. पण शेजारी पाच-सहा प्रकाशवर्षांवरच असेल तर? तिथे माझी गॅरंटी नाही.

म्हणून मग माझ्या गोष्टींत तक्रारी असतात. एक सांगते. माणसांची याने लेझरच्या झोतानं ढकलली जातात, यानाला मोठ्ठं शीड असतं आणि शिडाबाहेर सांडलेला प्रकाश तसाच पुढे जातो. ३१० प्रकाशवर्षं पुढे एक जात आहे, तिची पिल्लं तारे बघून दिशा शिकतात, आपल्याकडचे काही पक्षी शिकतात तशीच. त्यांच्या आकाशात अचानक एक खोटा तारा उगवला आणि पिल्लं भरकटायला लागली. त्यांनी लगेच तक्रार पाठवली, "तुमचा दिवा विझवा". ती पोचली दिवा लावल्यापासून ६२० वर्षांनी, आणि दिवा तर २०० वर्षांतच बंद झाला होता, ज्यांनी लावला त्यांचं सरकारही उरलं नव्हतं. तक्रार ज्या कारकुनाच्या टेबलावर आली तो जुनी दप्तरं उपसत बसतो, त्याला कळेना की माफी मागायची तरी कोणाच्या नावानं. त्याचं उत्तर तिकडे पोचायला आणखी ३१० वर्षं. मला विचाराल तर शंभर अंतराळयुद्धांपेक्षा या कारकुनाची तगमग लिहिणं जास्त अवघड गेलं.

आणि युद्ध अगदीच नाही असंही नाहीये, तुम्ही नीट वाचलेलं नाही एवढंच! माझ्या जगात जिथे जिथे रक्त सांडलंय तिथे दोन्ही बाजूंना एकच जात आहे. ती सरळसरळ भाऊबंदकी. भांडण बांधावरून होतं आणि बांध लागून असतो तो भावाशी, ज्याला तेच पाणी, तीच हवा, तेच ऊन लागतं. निसर्गातही हेच आहे, सगळ्यात तीव्र चढाओढ एकाच जातीच्या जिवांमध्ये असते हे डार्विनचं निरीक्षण होतं. मिथेनच्या तळ्यातला तो सुरकुतीवाला माझा शत्रू होऊच शकत नाही, तेवढी आमची ओळखच नाही.

सध्या जी गोष्ट लिहितेय त्यात माणसांच्याच दोन वसाहती आहेत, एका लाल ताऱ्याकडे एकाच वेळी निघालेल्या, एकमेकींना न सांगता. त्या ताऱ्याला ग्रह तीन आहेत, त्यातला राहण्याजोगा एकच, आणि तोही एकच बाजू कायम ताऱ्याकडे धरून फिरणारा, म्हणजे धड जागा फक्त उजेड आणि अंधार यांच्या मधल्या पट्ट्यात. अजून कोणी उतरलेलं नाही, पण त्या पट्ट्याचे नकाशे दोन्ही यानांत काढून झालेत.